आधी प्यादी मांडा

आमच्या वसतिगृहात रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला जातो. गेल्या जुलैत प्रथम वर्षाचा एक मुलगा भीत भीत जवळ आला नि म्हणाला, "मलाही शिकवाल का?" मी मोठ्या उदारपणे त्याला समोर बसवले, साऱ्या मोहऱ्यांच्या चाली दोन मिनिटांत सांगितल्या आणि चौथ्याच खेळीला उंटाच्या जोरावर वजीर घुसवून मात केली. सभोवतालची मंडळी खो खो हसली. तो मुलगा पुन्हा पटाकडे फिरकला नाही.

तेव्हापासून माझे मत झाले आहे की, आपल्याकडे बुद्धिबळ शिकवण्याची सुरुवातच चुकते. नवशिक्यापुढे आपण एकदम बत्तीस मोहरी मांडतो. हत्ती सरळ, उंट तिरपा, घोडा अडीच घरे, वजीर सरळही आणि तिरपाही, राजा एकेक घर. एवढे पाठ झाले की खेळ आला असे समजतो. मुळाक्षरांआधी कोणी महाकाव्य हाती देतो काय?

माझी सूचना साधी आहे. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर येईल असा पट ठेवावा आणि दोन राजे व आठ-आठ प्यादीच मांडावीत. प्यादे चालते सरळ, पण मारते तिरपे. पहिल्या खेळीला ते दोन घरेही जाऊ शकते. आजोबांच्या देशी पद्धतीत मात्र एकच. मागे ते कधीच फिरत नाही, आणि शेवटच्या रांगेत पोचले की त्याचा वजीर होतो. एवढ्याशा लढाईत शह आणि मात दोन्ही कळतात. शह नसताना नियमात बसणारी एकही खेळी उरली नाही तर डाव बरोबरीत सुटतो, हेही कळते. मग जिंकत आलेला माणूससुद्धा जपून खेळतो. त्यानंतर एकेक मोहरे वाढवावे. प्याद्याची किंमत १ धरली तर घोड्याची व उंटाची ३, हत्तीची ५ आणि वजिराची ९, हा हिशेब आपोआप अंगवळणी पडतो.

कोणी म्हणेल, यात गंमत ती काय? पण १९२१ साली विश्वविजेता झालेल्या क्यूबाच्या कापाब्लांकाने त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकाची सुरुवात मोजक्या मोहऱ्यांनी मात कशी करावी, इथूनच केली आहे.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या पटाभोवती गर्दी वाढली आहे. आनंदच आहे. पण शिकायला आलेल्याला हरवून दाखवणे म्हणजे शिकवणे नव्हे, हे आम्हा 'जाणत्यां'ना कधी उमगणार?

दिवाळीच्या सुट्टीनंतर मीच त्या मुलाच्या खोलीवर गेलो. म्हटले, "चल, आज नुसती प्यादी." पाचव्या डावात त्याच्या प्याद्याचा वजीर झाला आणि मी हरलो. मंडळी याही वेळी हसली, पण मला. खरे सांगतो, वाईट वाटले नाही.