जुळवलेला संगणक

शाळांचे निकाल लागले की घरोघरी एक मागणी पुढे येते. आमच्या पिढीत ती सायकलची असे; सांप्रत ती संगणकाची असते, आणि तोही खेळासाठी. दुकानातला तयार संगणक मुलांना नको असतो. सुटे भाग स्वतः निवडायचे, आणायचे आणि घरच्या मेजावर जुळवायचे, असा त्यांचा आग्रह. खेळापायी एवढा पैसा घालावा की नाही, याचा निवाडा ज्याच्या त्याच्या घराने करावा. परंतु एकदा होकार दिल्यावर भागांच्या निवडीविषयी वडीलधारी मंडळी मौन धरतात, हे आम्हांस गैर वाटते. भागांची माहिती मुलांना असेल. पण घरातली वीज, धूळ आणि उन्हाळा यांची माहिती थोरांनाच अधिक असते. चांगली निवड व्हायची तर दोन्ही हवे.

या कामातील मुख्य सूत्र मेळाचे आहे. एक बैल तरणा खिलार आणि दुसरा थकलेला असेल, तर गाडी थकलेल्याच्या चालीनेच जाते. संगणकाचेही तसेच. १९८०च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हव्या त्या ताकदीचा क्रे महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तेथे ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात एकच अजस्र प्रोसेसर नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर एकमेकांस जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेतले होते. घरच्या मेजावरील खटपट त्या मानाने फारच लहान. पण भाग बाजारचे आणि जुळणी आपली, हे तत्त्व एकच.

निवडीची सुरुवात पडद्यापासून करावी. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू रंगवावे लागतात. ‘फोर-के’ पडद्यावर त्याच्या चौपट. हे काम ग्राफिक्स कार्डाचे. म्हणजे पडदा ठरला की कार्डाची पायरी ठरते आणि कार्ड ठरले की त्याला साजेसा प्रोसेसर. साध्या पडद्यामागे सर्वांत महाग कार्ड बसविणे म्हणजे ओढ्याच्या पाण्याला धरणाचे दरवाजे लावणे होय.

मग बैठकीचा विचार. मदरबोर्डावरील ज्या खाचेत प्रोसेसर बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचे एएम-४ सॉकेट २०१६ साली आले आणि एएम-५ २०२२ साली. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. रॅमचेही असेच. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या पट्ट्यांवरील खाचा वेगवेगळ्या जागी असतात, आणि एएम-५ ला डीडीआर-५ च लागते. रॅम १६ जीबी घ्यायची तर एका पट्टीऐवजी आठाच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माहितीची ने-आण अधिक वेगाने होते. २०२५ च्या अखेरीस या पट्ट्यांचे भाव एकाएकी चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी माल उचलला. तंबाखूच्या बाजारात वाढलेल्या आमच्या निपाणीकरांस या चढउताराचे नवल वाटू नये.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, पण मुलांच्या यादीत बहुधा शेवटी येणारा भाग : वीज पुरविणारा एसएमपीएस. आमच्या परिचयाच्या एका घरी महाग कार्डापुढे पैसा अपुरा पडला म्हणून बिननावाचा एसएमपीएस घेतला गेला. वळिवाच्या पहिल्या पावसात वीज गेली, परत आली, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेली. हिशेब अवघड नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० कार्डाला ११५ वॅट लागतात, तर २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० ला ४५०. मध्यम संगणकाचा एकूण भार अडीचशे वॅटच्या आसपास गेला, तरी पाचशे-साडेपाचशे वॅटचा, नामांकित कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. खोक्यावरील ‘८० प्लस’ हा शिक्का विजेची उधळपट्टी किती कमी होते एवढेच सांगतो. दाब वाढल्यास रक्षण होईल की नाही, ते वेगळे विचारावे. यूपीएसचाही हिशेब करावा. सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. आणि भिंतीतल्या सॉकेटला खरे अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घेतल्यावाचून एकही भाग आणू नये.

कॅबिनेट निवडताना मुले रंगीत दिवे पाहतात. थोरांनी हवा कोठून शिरते आणि कोठून बाहेर पडते ते पाहावे. आमच्या गावी हंगामात वखारींकडून तंबाखूची बारीक धूळ येते. म्हणून पुढे जाळी असलेले, धूळगाळणी काढून धुता येईल असे कॅबिनेट उत्तम. इंदूर, हैदराबाद वा बडोद्याच्या वाचकांनी तेथील उन्हाळा ध्यानी घ्यावा. कार्डाची लांबी कॅबिनेटात मावते का, हेही मोजपट्टीनेच ठरवावे.

खरेदी कोठे करावी? निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. मुंबईचा डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे लॅमिंग्टन रोड, आणि बंगळूरचा एस. पी. रोड हे या मालाचे जुने बाजार. वस्तू-सेवा कर सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखाच, १८ टक्के. फरक पडतो तो हमीत. बिघडलेला भाग घेऊन कोणत्या शहरी जावे लागेल, हे आधी विचारावे आणि प्रत्येक भागाचे पक्के बिल क्रमांकासह जपावे.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने गतवर्षी असा संगणक जुळवला. वडील तंबाखूचे शेतकरी. पट्टीचे पैसे हाती आले, त्यातून घरदुरुस्ती टळू न देता उरेल तेवढेच मिळणार होते. तिने वहीत दोन रकाने आखले : भाग आणि कारण. वडिलांना इंग्रजी नावे उमगली नाहीत, पण प्रत्येक ओळीवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हे बिघडलं तर बाकीच्यांचं काय होईल, बाळ?” एसएमपीएसच्या ओळीवर ती थांबली. मग कार्ड एक पायरी खाली आले आणि उरलेल्या रकमेत चांगला एसएमपीएस व यूपीएस बसला. तिचे खेळ चालतात, आणि त्याच यंत्रावर धाकटा भाऊ अभ्यासही करतो. खर्च ठरल्या रकमेबाहेर गेला नाही, ही गोष्ट त्या घरी मोलाची होती.

अशी वही प्रत्येक घरी व्हावी, एवढेच आमचे सांगणे. मुलांनी कारण लिहावे, थोरांनी प्रश्न विचारावा, आणि दोघांचे समाधान होईपर्यंत दुकानाची पायरी चढू नये. आपापल्या गावची वीज, हवा आणि बाजार यांविषयी वाचकांनी आम्हांस अवश्य कळवावे.