चावडी आपली, चावी कुणाची?

या सेमला मी एक उद्योग केला (सबमिशन सोडून, हे वेगळं सांगायला नको!). मास्टोडॉन, ब्लूस्काय, लेमी आणि मॅट्रिक्स अशा चार ठिकाणी खाती उघडली आणि परीक्षेपर्यंत प्रामाणिकपणे वापरली. यांना विकेंद्रित नेटवर्क म्हणतात. म्हणजे काय? ई-मेल आठवा. जीमेलवाला याहूवाल्याला बिनधास्त मेल पाठवतो ना, तसंच. सर्व्हर वेगवेगळे, पण बोलणं एकमेकांशी. सगळ्यांचा मालक एकच नाही.

आपल्याकडे याची एक लाट नोव्हेंबर 2019 मध्ये येऊन गेली. सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, तेव्हा चिडून पुष्कळ भारतीय मास्टोडॉनवर गेले. नंतर बरेच जण गुपचूप परतले. साहजिक आहे. नवीन बिल्डिंग कितीही छान असो, शेजारी जुन्या चाळीतच राहिले तर करमणार कसं? मलाही करमलं नाही. माणसं सभ्य, जाहिराती नाहीत, पण मराठीत बोलायला कोण? 'माहुल' शोधलं तर फ्लेमिंगोंचे फोटो तेवढे मिळाले. ब्लूस्काय फेब्रुवारी 2024 पासून सगळ्यांना खुलं आहे, वापरायलाही सोपं. पण बहुतेक खाती त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर. मग विकेंद्रित कसलं, डोंबल!

तरीही हा नाद सोडून देऊ नये असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण माहुलच. मी डे स्कॉलर, राहते तिथेच, रिफायनरी आणि केमिकलच्या टाक्यांच्या शेजारी. रात्री वास सुटला की आमच्या एरियाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धडाधड मेसेज पडतात. "तुमच्याकडे येतोय का?" किती वाजता, कुठल्या गल्लीत, कुणाचे डोळे चुरचुरतायत, सगळं. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाड्याच्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे हे मान्य केलं, ते रहिवाशांनी अर्ज केला म्हणून. अशा कामात तारीख-वेळेची नोंद लागते. आमची नोंद कुठे? प्रत्येकाच्या फोनमध्ये. फोन बदलला, बॅकअप नसला, की गेली.

ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, आपलं देशी 'कू' 2024 मध्ये. मालकाने शटर ओढलं की संपलं. चौघांपैकी मला मॅट्रिक्स पटलं ते यासाठी. तिथे एका रूममध्ये जितक्या सर्व्हरवरचे लोक, तितक्या सर्व्हरवर त्या गप्पांची प्रत. एक बंद पडला तरी बाकीच्यांकडे राहते. मे 2023 मध्ये केंद्र सरकारने 14 मेसेजिंग ॲप्स बंद केली, त्यात मॅट्रिक्सचं एलिमेंटही होतं, हे खरं. पण मॅट्रिक्स त्या एका ॲपवर अवलंबून नाही.

अर्थात फुकट काहीच नसतं. अपडेट कोण करणार? शिव्या घालणाऱ्याला बाहेर कोण काढणार? बॅच पास आऊट झाली की पासवर्ड कुणाकडे? म्हणूनच म्हणते, हे काम एकट्या हौशी पोराचं नाही, कॉलेजचं आहे. दरवर्षी तोच तो 'लायब्ररी मॅनेजमेंट'चा प्रोजेक्ट करण्यापेक्षा एका ग्रुपने सर्व्हर उभा करावा, ज्युनियर्सना शिकवून सोपवावा. हॉस्टेल, मेस आणि माहुलची ती वासाची रूम, तिन्ही त्यावर चालतील.

एचओडी सर, वाचत असाल तर एवढंच: लॅबमधलं जुनं मशीन चालेल, पण बॅकअपसाठी हार्ड डिस्क मात्र नवीन लागेल.