कासवाला ३१ मार्च कळत नाही



‘स्वयंसेवी म्हणवता, मग सरकारी पैसा कशाला?’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. त्याला उत्तर म्हणून एक उदाहरण: वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. हे काम म्हणजे पहाटे वाळू तुडवत मादीचा माग काढायचा, शंभरेक अंडी हलक्या हातानं कुंपणातल्या खड्ड्यात ठेवायची, वर जाळी. पिल्लं निघायला पन्नासेक दिवस. मार्चमधली अंडी मेमध्ये फुटणार. अशा कामाचं वर्षाचं सरकारी अनुदान मात्र ३१ मार्चला संपतं. पुढचं मंजूर होईपर्यंत राखण्याचं मानधन कुणी द्यायचं? (कोल्हे तोवर थांबत नाहीत.) हिशेब दरवर्षी खुशाल तपासा, पण निधीची हमी निदान पाच वर्षांची द्या.

— एक वाचक, दापोली