मुंब्रा स्टेशन हा आपलाही प्रश्न आहे

आमच्या नगर जिल्ह्यातून (कागदोपत्री आता अहिल्यानगर) मुंबईकडे कामाला जाणाऱ्या पोरांची वाट ठरलेली असते. एसटीने आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड करत कल्याण. तिथून धिमी लोकल. ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा आणि मग मुंब्रा. नगर-कल्याण रेल्वेबद्दल अब्बा त्यांच्या तरुणपणी ऐकत होते, आता मी ऐकतो. तोवर एसटी झिंदाबाद.

मीही याच वाटेने गेलो आणि दीड वर्ष मुंब्र्यात राहिलो. ठाण्यात दोन आणि डोंबिवलीत एक खोली बघितली होती. नाव सांगितलं की खोली ‘कालच दिलेली’ असायची. मुंब्र्यात भाडं परवडत होतं आणि नाव ऐकून कुणी दचकत नव्हतं. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं अशीच तिकडे आली. गावाचं शहर झालं. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. रोज सकाळी मुंबईकडे जायचं तर बहुतेकांना स्टेशनच गाठावं लागतं. तिथे येणारी लोकल आधीच भरलेली असते. माझ्या खोलीतले दोघे अर्धा तास लवकर निघून उलटे डोंबिवलीला जायचे आणि तीच गाडी पकडून परत यायचे, का, तर आत पाय ठेवायला जागा मिळावी म्हणून. मी आळशी. मी दरवाजात लटकायचो.

९ जून २०२५, सोमवार. ईद-उल-अज्हाचा तिसरा दिवस, म्हणून मी घरी होतो. सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर कर्जतकडून येणारी आणि कसाऱ्याकडे जाणारी अशा दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या. दोन्हीकडे दरवाजात लटकलेले प्रवासी, पाठीवर सॅक. माणसं एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. चार जण त्याच दिवशी गेले. त्यात रेल्वे पोलिसांतला एक जवानही होता.

टीव्हीवर ते बघत असताना मामू म्हणाले, “लिखी थी, आ गई.” मी मामूंना उलट बोलत नाही, त्या दिवशीही बोललो नाही. पण हे वाक्य तेव्हापासून खुपतं आहे. तकदीरवर माझा ईमान आहे. पण आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपल्याच रसूल ﷺ ची आहे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हाही ईमानचा भाग, हे आपण मदरशात पाठ केलं. रस्त्यातला दगड उचलणं पुण्याचं आणि लोकलचा दरवाजा ‘नशिबाचा’, हे कसं?

दुसरं उत्तर मित्रांकडून आलं. मुंब्रा मुसलमानांचं आहे म्हणून कुणी लक्ष देत नाही, असं. यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही; खोली शोधताना मी काय पाहिलं ते वर लिहिलंच आहे. पण त्या दिवशीच्या गाड्या कसारा-कर्जतच्या होत्या. दरवाजात लटकलेला माणूस शहापूरचा शेतकऱ्याचा मुलगाही असतो. मुंबईच्या लोकलमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने याच आकड्यांवरून रेल्वेला सुनावलं होतं की प्रवाशांची वाहतूक जनावरांसारखी होते आहे. हा प्रश्न आपण एकट्याने ‘आपला’ करून मांडला तर तो लहान होईल आणि त्याचं उत्तर देणं सरकारला सोपं जाईल.

शेजारचं दिवा बघा. २ जानेवारी २०१५ ला तिथे रेल रोको झाला आणि त्याला दगडफेकीचं वळण लागलं. ते चुकीचंच होतं. पण दिव्याचे प्रवासी त्यानंतरही मागणी धरून राहिले आणि २०१६ च्या अखेरीस तिथे जलद गाड्या थांबू लागल्या. मुंब्र्याहून असा सलग पाठपुरावा करणारे किती आहेत? प्रवासी संघटनांच्या बैठकांना आपली किती मुलं जातात? मी दीड वर्षात एकदाही गेलो नाही. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मात्र चहाच्या टपरीवर महिनाभर भांडलो.

अपघातानंतर रेल्वे मंत्रालयाने नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे लावण्याचं आणि जुन्या डब्यांनाही ते बसवण्याचं जाहीर केलं. चांगलं आहे. पण दरवाजा बंद झाला की आत न मावलेला माणूस फलाटावर राहणार, आणि उशीर झाला की त्याची हजेरी कापली जाणार. म्हणून दरवाजाआधी फेऱ्या मागायला हव्यात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हा नव्या फेऱ्या मिळाल्या, पण बहुतेक वातानुकूलित. भिवंडीच्या गोदामात किंवा कुर्ल्याच्या वर्कशॉपात राबणाऱ्याला तो पास परवडत नाही. सकाळच्या दोन तासांत मुंब्र्याला किती साध्या लोकल थांबतात, गेल्या पाच वर्षांत किती वाढल्या, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्ज दहा रुपयांचा आहे.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. धावत्या गाडीतून चुकून पडून प्रवासी गेला तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे भरपाई मिळते, चूक रेल्वेची होती हे सिद्ध न करता. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, साधारण एका वर्षाच्या आत. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण तो खरा प्रवासी होता, हे आधी घरच्यांनीच शपथपत्रावर सांगायचं असतं. जनाजा उरकून गावी परतलेल्या आई-बापाला हे कोण सांगणार? आपल्यात वकिलीचं शिकणारी मुलं-मुली आता चिक्कार आहेत. मशिदीच्या सूचना फलकावर हे पान लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या सोमवारी माझा चुलतभाऊ त्याच एसटीने निघतो आहे. खोली मुंब्र्यातच मिळाली आहे. पास काढला की त्याचा फोटो मला पाठव, एवढं मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, “कशाला?” अम्मी समोर बसली होती, म्हणून म्हटलं, “असू दे माझ्याकडे.”