बालकांतील सेप्सिस आणि जनुकांची साक्ष

शरीरात रोगजंतूंचा शिरकाव झाला की रोगप्रतिकारशक्ती त्यांच्याशी झुंज देऊ लागते. परंतु हाच प्रतिकार कधी कधी मर्यादा सोडतो आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो. या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. त्यातच रक्ताभिसरण कोलमडले, तर ती स्थिती सेप्टिक शॉक होय. २०१७ या एका वर्षात जगभर पाच वर्षांखालील सुमारे दोन कोटी बालकांना सेप्सिस झाला आणि त्यांपैकी सुमारे २९ लाख बालके दगावली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

वेळेवर प्रतिजैविके, शिरेतून द्रव, गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास, हा उपचारांचा क्रम सर्वत्र जवळपास सारखाच असतो. तरीही एक मूल सावरते आणि त्याच वयाचे, त्याच लक्षणांचे दुसरे मूल हातचे जाते. असे का व्हावे?

याचे एक उत्तर जनुकांच्या अभ्यासातून पुढे येत आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतो; मात्र सर्व जनुके एकाच वेळी कार्यरत नसतात. पाककृतींचा मोठा ग्रंथ घरात असला, तरी त्या दिवशी कोणते पान उघडले यावर ताटातील पदार्थ ठरतो, तसेच हे आहे. जनुकाचे पान उघडले की त्याची आरएनए नावाची प्रत तयार होते. रक्तातील पेशींमध्ये कोणत्या प्रती किती आहेत हे मोजले, की शरीर त्या क्षणी काय करू पाहत आहे याचा अंदाज येतो. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

अमेरिकेतील सिनसिनाटी येथील बालरुग्णालयातील डॉ. हेक्टर वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉक झालेल्या बालकांचे रक्त अतिदक्षता विभागात दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत घेऊन असा अभ्यास केला. २००७ मध्ये त्यांनी नोंदविले की, दगावलेल्या बालकांत जस्ताला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांची जनुके अधिक कार्यरत होती आणि त्यांच्या रक्तातील जस्त घटलेले होते. आजारी मुलास जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, असा याचा अर्थ मात्र नव्हे. येथे दोन गोष्टी सोबत आढळल्या. त्यांतील एक दुसरीचे कारण आहे, हे त्याने सिद्ध होत नाही.

पुढे १०० जनुकांच्या आधारे या बालकांचे दोन गट करण्यात आले. त्यांपैकी ‘ए’ गटात प्रतिकारशक्तीच्या आणि स्टेरॉइडला प्रतिसाद देणाऱ्या यंत्रणेच्या अनेक जनुकांचा आवाज दबलेला होता. या गटात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, याच गटातील ज्या बालकांना स्टेरॉइड दिले गेले, त्यांच्यात मृत्यूचा धोका आणखी वाढलेला दिसला. दुसऱ्या गटात तसे आढळले नाही. हा निष्कर्ष निरीक्षणावर आधारलेला आहे. नियंत्रित चाचण्यांनी त्याची खातरजमा होणे आवश्यक आहे. तथापि त्यातून निघणारा बोध मोलाचा आहे. रोगाचे नाव एक असले, तरी शरीरांचा प्रतिसाद एक नसतो. एकास उपकारक ठरणारे औषध दुसऱ्यास अपायकारक ठरू शकते. म्हणूनच दुसऱ्याच्या मुलास लागू पडलेले औषध आपल्या मुलास स्वतःहून देणे धोक्याचे आहे.

अशा जनुकीय तपासण्या अद्याप रोजच्या उपचारांचा भाग झालेल्या नाहीत. वेळ ओळखणे मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. संसर्ग झालेल्या मुलाचा श्वास फार जलद चालणे, हातपाय गार पडणे, त्वचेवर निळसर वा चट्टेदार छटा येणे, मूल सुस्त होणे किंवा जागे करूनही नीट न जागणे, दूध-पाणी नाकारणे, लघवी कमी होणे, ही धोक्याची चिन्हे होत. तान्ह्या बाळास तापाऐवजी अंग थंड पडणेही तितकेच गंभीर असू शकते. अशा वेळी रात्र सरण्याची वाट न पाहता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि ‘हा सेप्सिस असू शकेल का?’ असा प्रश्न आईवडिलांनी डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावा.