पावणेदोन तासांचे विमान, रुग्णाचे तीन दिवस

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीसाठी जाणाऱ्या वऱ्हाडातील रुग्णांना याचा लाभ किती, हे केवळ उड्डाणाच्या वेळेवरून ठरत नाही.

मुंबई-बेलोरा हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर आहे. या मार्गावरचे एटीआर विमान पंख्याचे असून ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. हिशेबाने तासाभराचे अंतर. वेळापत्रकात मात्र पावणेदोन तास. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि मुंबईच्या गर्दीत उतरण्यासाठी थांबणे यांत उरलेला वेळ जातो.

अकोल्याच्या रुग्णाला त्याआधी बेलोऱ्यापर्यंत दीड-दोन तासांचा रस्ता आहे. अकोल्याचे शिवणी विमानतळ जवळच असले तरी तेथील धावपट्टी सुमारे १४०० मीटरची. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि विमानाला उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. विस्ताराचा प्रश्न जागेअभावी वर्षानुवर्षे रेंगाळला आहे.

खरी मेख वेळापत्रकात होती. सेवा सुरू झाली तेव्हा विमान आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार व शुक्रवारी दुपारी निघून सायंकाळी मुंबईत पोहोचत होते. तोवर बाह्यरुग्ण विभाग बंद होतो. म्हणजे सोमवारी जाणे, मंगळवारी तपासणी, बुधवारी परत; मुंबईत दोन मुक्काम. रात्रीच्या रेल्वेने निघालेला रुग्ण सकाळी मुंबईत उतरतो, तपासणी करून त्याच रात्री परतीची गाडी धरू शकतो.

प्रकृतीचा हिशेबही वेगळा आहे. उंचावर केबिनमधील हवेचा दाब साधारण २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका खाली येऊ शकतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. फुप्फुसाचा वा हृदयाचा गंभीर आजार किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते. हे विमानाइतकेच मोटार, बस आणि रेल्वेलाही लागू आहे. कर्करोगात हा धोका मुळातच जास्त असतो. त्यामुळे मोटारीने जाणाऱ्यांनी अधूनमधून उतरून चालावे; रेल्वेत आडवे होता येते, ही जमेची बाजू.

रोज सकाळी जाणारे व संध्याकाळी परतणारे विमान असेल, तरच वाचलेले तास रुग्णाच्या पदरात पडतील. तिकीट काढण्यापूर्वी तपासणीची वेळ आणि परतीचा वार एकदा जुळवून पाहावा.