दलदलीचा देव कुठे राहतो?



गेल्या रविवारी माझा भाचा मोबाइलवर गेम खेळत बसला होता. एका लेव्हलला दलदलीचा देव येतो. त्याच्या राज्यात पाय टाकला की थेट खाली ओढतो. तीनदा हरल्यावर भाचा वैतागून म्हणाला, "मावशी, देव चिखलात कशाला राहील?"

आता देवनहळ्ळीत मी त्याला दलदल दाखवू तरी कुठून? आमच्या सोसायटीत पाणीच टँकरने येतं! मग त्याला गोव्याची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी.

गोव्यात सत्तरी तालुक्यात 'निरंकाराची राई' आहे. राई म्हणजे देवराई, देवाच्या नावाने राखलेलं जंगल. आणि निरंकार म्हणजे निराकार, ज्याला रूपच नाही असा देव. त्याचं राज्य मात्र डोळे भरून बघावं असं आहे. झऱ्याकाठची दलदल आणि त्यात उभी जंगली जायफळाची उंच झाडं. हो, आपण श्रीखंडात घालतो त्या जायफळाचीच ही भावंडं. सतत पाण्याखाली असलेल्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून ती चिखलातून वर येतात, वळतात आणि पुन्हा आत जातात. लांबून बघितलं तर शंभर माणसं गुडघे वर काढून चिखलात बसली आहेत असं वाटतं! या गुडघ्यांतूनच झाड श्वास घेतं.

अशी जंगलं आपल्याकडे पश्चिम घाटात आहेत, तीही तुकड्यातुकड्यांनी. त्रावणकोर भागातल्या दलदलींची नोंद अभ्यासकांनी 1960 साली केली. महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची दलदल आता जैवविविधता वारसा स्थळ आहे. त्याच तालुक्यात कुंब्रलला, भालांडेश्वराच्या राईतली दलदल तर अगदी 2025 मध्ये जगासमोर आली. गावाला ती आधीपासून माहीत होतीच म्हणा.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. जिथे बारमाही पाणी आणि सपाट जमीन, तिथे भातशेती आणि सुपारीच्या बागा होणारच. पोटासाठी माणूस ते करतो, त्याला दोष कसा द्यायचा? पण त्यात अशा कितीतरी दलदली गेल्या. ज्या देवाच्या नावावर होत्या, त्यातल्या काही राहिल्या. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, एवढा एक नियम पिढ्यान् पिढ्या पाळला गेला.

मी स्वतः फार देवभोळी नाही. तरी एक भीती वाटते. कोकणात काही देवरायांमध्ये देवळाच्या बांधकामासाठीच झाडं तोडली गेली. म्हणजे देवाला सिमेंटचं घर मिळालं आणि त्याचं राज्य गेलं. शिवाय आमच्या पिढीचा त्या जुन्या धाकावर विश्वास उरलेला नाही. मग उद्या कुऱ्हाड अडवणार कोण? 2002 चा जैवविविधता कायदा आहे, वारसा स्थळाचा फलकही लागतो. पण फलक वाचायला तिथे रोज कोण जातंय? राखण शेवटी गावालाच करावी लागते.

कधी गेलात तर गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, आणि फोटोसाठी त्या गुडघ्यांवर चढू नका. तो झाडाचा श्वास आहे.

भाच्याने संध्याकाळी चित्र काढलं. चिखल, पाणी, खूप सारे गुडघे. मी विचारलं, "आणि देव?"

"मावशी, तो निरंकार आहे ना! मग दिसेल कसा?"